पार्किंगमधली भट्टी

भट्टी मी बांधायला घेतली ती सामान वाटेत येत होतं म्हणून. आता कुणी विचारलं की त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं स्वप्न, बायकोची माया, असलं काहीतरी. तसं काही नव्हतं. गारखेड्यातल्या आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, चार खोकी पडली होती आणि चाकाची खुर्ची फाटकाकडे वळवताना दर वेळी त्यांना अडत होती. एका सकाळी तिसऱ्यांदा खुर्ची मागंपुढं केली, एका खोक्याला लाथ घातली आणि ठरवलं, एक तर हे भंगारात जाईल नाहीतर याचं काहीतरी होईल. भंगारवाला त्या दिवशी आलाच नाही.

खोकी नवऱ्याची होती. ते वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला होते, तीस वर्षं. घराणं पिशोरचं, लोहाराचं. आयटीआय करून शहरात आले आणि जन्मभर मशिनवर थंड लोखंड कापत राहिले. निवृत्ती जवळ आली तसं त्यांच्या डोक्यात एकच बसलं, की आता गरम लोखंड ठोकायचं. कोळशाची भट्टी पार्किंगमध्ये लावली तर शेजारीपाजारी अंगावर येतील, म्हणून गॅसची. मोबाइलवर बघून बघून त्यांनी एका वहीत सगळं उतरवून घेतलं, मापं लिहिली, चित्रं काढली, सामान जमवलं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला तो उचलायला ते खाली वाकले, आणि उठले नाहीत.

लकवा. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. डाव्या हातात पाटी दिली तर त्यांनी ती सरकवून दिली.

पहिले काही आठवडे माणसांची रीघ होती. मी चहा करत होते. सगळे म्हणायचे, काय धीराची बाई आहे. धीर कसला? मला काही वाटतच नव्हतं. मुलगी नाशिकहून आली, गळ्यात पडून रडली, आणि मी तिच्या खांद्यावरून गॅसवरच्या दुधाकडे बघत होते. मी ब्लाउज शिवते, तेही थांबवलं नाही. उलट त्या महिन्यांत गिऱ्हाइकांचे गळे जितके नीट बसले तितके कधी बसले नव्हते. नवऱ्याला पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, मग मशीनवर बसायचं. एखादं माप घ्यावं तसं मी सगळं करत होते. रात्री झोपही लागायची. याची लाज वाटायला हवी होती, तीसुद्धा वाटली नाही.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिनं मला एकदा फाटकापाशी गाठलं आणि सांगितलं की सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, ते असेच गेले तर पुढं अवघड आहे. पाय थोडा येईल, पण काका प्रयत्नच करत नाहीत. हात उचलून दिला की तो सोडून देतात, भिंतीकडे तोंड करतात. "काकू, त्यांना काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे," ती म्हणाली. "ते मी नाही आणू शकत." मी बरं म्हटलं. मलाच काही करावंसं वाटत नव्हतं, तर त्यांना कुठून आणून देऊ?

पण खोकी उघडली. सगळ्यात वर वही होती.

वहीतलं अक्षर बारीक आणि सरळ, त्यांच्या स्वभावासारखं. पहिल्या पानावर एक नळकांडं काढलं होतं, आणि शेजारी लिहिलं होतं की एसीच्या गॅसचा रिकामा सिलिंडर दोन्हीकडून कापायचा. आत सिरॅमिक वूलचं, म्हणजे आगीला दाद न देणाऱ्या लोकरीचं, अस्तर, दोन पदरी. अस्तर हा शब्द वाचला आणि मला जरा बरं वाटलं, कारण अस्तर लावणं हा माझा धंदा आहे. बाकी काही कळलं नाही तरी गोल कापडात गोल अस्तर चुणी न पडता कसं बसवायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सिलिंडर कापायला मी कोपऱ्यावरच्या चाचांकडे गेले. त्यांचं गेट आणि ग्रिल बनवायचं दुकान आहे. आमचं फाटक त्यांनीच केलेलं. माझ्या नवऱ्याशी त्यांची लोखंडावरून वीस वर्षांची हुज्जत. भेटले की एक जण वेल्डिंगला नावं ठेवणार आणि दुसरा लोहारकीला. त्यांनी सिलिंडर उलटसुलट करून बघितला, वही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून, आत पाणी भरून, मगच त्यांनी कटर लावला. दुसऱ्या दिवशी मी बर्नरसाठी घरातला उरलेला पांढरट लोखंडी पाण्याचा पाइप घेऊन गेले, तेव्हा त्यांनी अडवलं.

"भाबी, ये पाइप नक्को. इसपे जस्ता है. गरम हुआ तो धुआं छाती में बैठता."

त्यांनी जस्त नसलेला काळा पाइप दिला. वहीतलं बर्नरचं पान अर्धंच होतं, पाइपचं चित्र होतं पण गॅस आत कुठून सुटतो ते काढायचं राहिलं होतं. ते चाचांनी त्यांच्या डोक्यानं केलं. वेल्डिंगच्या मशिनची तांब्याची टिप असते, तिला केसाएवढं भोक असतं, ती पाइपच्या तोंडात बरोबर मधोमध बसवली. मधोमध नसेल तर ज्योत मागं फिरते, असं ते म्हणाले. मी माझी शिवणाची टेप काढून चारही बाजूंनी मोजून दाखवलं, तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

अस्तर मी एका दुपारी बसवलं. तोंडाला ओढणी बांधून, हातात मोजे घालून, तरी मनगटं दोन दिवस खाजत होती. काम सुरेख झालं. आणि मग मी ती चूक केली. अस्तरावर आतून फायर सिमेंटचा पातळ हात द्यायचा, असं वहीत लिहिलं होतं. मी ते कालवलं, हात आत घातला, आणि हात आपोआप माहेरी गेला. लहानपणी आम्ही चूल सारवायचो; माती भरपूर घ्यायची, दाबायची, ओल्या हातानं गुळगुळीत फिरवायची. जितका जाड थर तितकी चूल टिकाऊ. मी तसाच बोटभर जाड थर दिला आणि संध्याकाळी, चूल सुकवतात तशी, आतून धग द्यावी म्हणून घरचा जादा गॅस सिलिंडर जोडून बर्नर लावून पाहिला. पाचेक मिनिटांत आतून फटफट आवाज यायला लागले आणि सिमेंटचे तुकडे बाहेर उडून पडले. एक माझ्या पदराला लागला.

चाचा आले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले की ही चूल नाही, हिला आतलं पाणी सोडायला वेळ द्यावा लागतो. मी सगळं खरवडून काढलं, पुन्हा ब्लाउजच्या खळीएवढा पातळ हात दिला, आणि आठ दिवस एक बल्ब आत पेटता ठेवला. ते आठ दिवस मी शिवत होते, भरवत होते, पुसत होते आणि येता-जाता बल्बकडे बघत होते. नवऱ्याला यातलं काही दाखवलं नव्हतं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी यालाही पाठ दाखवून भिंतीकडे तोंड केलं असतं, आणि मला ते बघायचं नव्हतं.

आठ दिवसांनी चाचांनी नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून गॅस गळतोय का ते तपासलं, मग मी नवऱ्याला नेहमीसारखं खुर्चीत बसवलं आणि पार्किंगमध्ये आणलं. वर पत्रा आहे, त्यामुळे सावली होती. उन्हात लोखंडाचा रंग दिसत नाही, हेही वहीत लिहिलेलं होतं. चाचांनी काडी लावली. एकदा भक्क झालं, मग आवाज बसला, एकसारखा, आणि आतलं अस्तर हळूहळू नारिंगी झालं.

नवरा बघत होता. मान वळवून, डोळे उघडे ठेवून. चार महिन्यांत ते कशाकडे बघत आहेत असं मला पहिल्यांदा दिसलं. चाचांनी मला कोपरानं ढोसलं.

चौकोनी सळईचा एक तुकडा आत होता. तो लाल झाला, मग लालच्याही पुढं जाऊन नारिंगी झाला. मी सांडशीनं तो काढला, नवऱ्यानं ऐरण म्हणून आणून ठेवलेल्या जुन्या डायच्या ठोकळ्यावर धरला, आणि त्यांचा हातोडा उचलून मारला.

त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा बडवला, बाजूच्या स्टुलावरचा पाण्याचा पेला माझ्या पायापाशी फेकला आणि उठायला गेले. चाचांनी धरलं नसतं तर ते भट्टीवरच पडले असते. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. मी गॅस बंद केला. आत नेऊन निजवलं तसं त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि पुढचे दोन दिवस चमचा ओठांपाशी नेला की दात आवळून धरायचे.

मला राग आला. इतके महिने काही वाटलं नव्हतं, त्यात हे एवढंच वाटलं, पण चांगलं भरभरून वाटलं. हातोड्याला हात लावला म्हणून एवढं? तीस वर्षं या माणसाच्या अवजारांच्या कपाटाला मी धूळ पुसायलासुद्धा हात लावला नव्हता. लावला असता तर उंदीर शिरल्यासारखं तोंड केलं असतं त्यांनी. आता स्वतःला चमचा धरता येत नाही, तरी म्हणे हातोडा माझा. मी मशीनवर बसून हे सगळं मोठ्यानं बोलले. एका ब्लाउजची बाही उलटी लागली.

तिसऱ्या दिवशी चतुर्थी होती. नैवेद्याला नारळ फोडायचा होता. आमच्या घरी नारळ नेहमी तेच फोडायचे, अगदी चटणीचा असला तरी. त्यांना लकवा झाल्यापासून मी नारळ आणणंच सोडलं होतं. त्या दिवशी शेजारणीनं दिला. मी तो धुतला, ओट्यावर ठेवला, आणि पार्किंगमधून उचलून आणलेला तोच हातोडा घेतला. खोलीचं दार उघडं होतं. मागून पुन्हा तोच आवाज आला.

मी वळले. ते भिंतीकडून इकडे वळले होते. कूस मला बदलून द्यावी लागत होती, पण त्या वेळी ते आपले आपण वळले होते. आणि ते हातोड्याकडे बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि इतका उशिरा पडला याचा मला आजही राग येतो.

माझ्या सासूबाई घण मारायच्या. पिशोरच्या दुकानात सासरे बसून सांडशी धरायचे आणि सासूबाई उभ्यानं घण घालायच्या. बऱ्याच लोहारांच्या घरी तसंच असतं, दुसरा माणूस लावणं परवडत नाही. नवऱ्याच्या जन्माची गोष्ट त्या स्वतःच हसत सांगायच्या. "सकाळी इळे ठोकले, दुपारी ह्याला काढला, आन् तिसऱ्या दिशी परत दुकानात." म्हातारपणी त्यांचा उजवा खांदा असा धरला की हात डोक्याच्या वर जाईना. आमच्याकडे राहायला आल्या की त्यांची वेणी मी घालायचे, आणि त्या वेळी नवरा उठून बाहेर जायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला हातोडा घेतला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "माझ्या घरात बाई हातोडा उचलणार नाय," म्हणाले. मला वाटलं पुरुषी तोरा. मी हसले होते. नंतर वर्षानुवर्षं ते नारळ फोडत राहिले, खिळे ठोकत राहिले, आणि मी समजत राहिले की या माणसाला माणसांपेक्षा अवजारं प्यारी.

म्हणजे त्यांना उठवायचं म्हणून मी नेमकं तेच केलं होतं, जे त्यांना जन्मात बघायचं नव्हतं. तेही त्यांना खुर्चीत बसवून, समोर.

मी हातोडा ओट्यावर ठेवला आणि त्यांच्यापाशी जाऊन बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"आईंना कुणी इचारलं नव्हतं," मी म्हटलं. "मला बी कुणी सांगितलं नाय. मी आपल्या मनानं उचललाय. आता तुम्हाला बघायचं नसंल तर बघू नका, पण मी ते शिकणार."

असं काही मी ठरवलं होतं का? नव्हतं. तोंडातून निघाल्यावर मला कळलं की ते खरं आहे. मला ती भट्टी आवडली होती. त्या चार महिन्यांत मला आवडलेली ती एकच गोष्ट होती. नवऱ्यानं डोळे मिटले. मी नारळ हातोड्यानं फोडला, नैवेद्य दाखवला, आणि खोबऱ्याचा तुकडा बारीक करून त्यांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तो खाल्ला. बोलणं मान्य झालं की नुसती भूक लागली होती, हे कळायला मार्ग नव्हता.

दोन दिवसांनी मी पुन्हा भट्टी लावली. एकटीनंच, सकाळी, स्वयंपाक आटपून. त्यांना घरात एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून खुर्ची आणली आणि त्यांचं तोंड फाटकाकडे करून ठेवली. बघायचं नाही ना, मग नका बघू. सळईला टोक काढायचं, एवढंच मला करायचं होतं. वहीत लिहिलं होतं की नवशिक्यानं आधी टोक काढायला शिकावं. मी सळईला ताव दिला, लाल झाली तशी काढली, मारलं. टोक निघायच्या ऐवजी सळई पुढून मासळीच्या शेपटीसारखी फाकली. पुन्हा ताव, पुन्हा मारलं, आता वाकडी झाली. हात भरून आला. तळहाताला फोड आले होते ते फुटले.

तिसऱ्या तावाला मागं करकर आवाज झाला. ते डाव्या हातानं खुर्चीचं चाक ओढत होते. एकाच चाकाला जोर लागत असल्यामुळे खुर्ची सरळ न येता गोल वळत होती, आणि वळत वळत ती ठोकळ्यापाशी आली. मी काही मदत केली नाही. त्यांनी डावा हात पुढं केला. अवजारांत एक लहान हातोडी होती, पावशेर वजनाची, तिच्याकडे. मला वाटलं, आता ही फेकणार. तरी दिली.

सळई लाल होती. त्यांनी तिच्या कडेवर, टोकापासून दोन बोटं मागं, हातोडी अलगद टेकवली. टिक. आणि थांबले.

नवी नवरी असताना मी पिशोरच्या दुकानात चहा घेऊन जायचे. तिथं कधी कुणी बोलत नसे. सासरे लहान हातोडीनं लोखंडावर नुसतं टिक करायचे, आणि सासूबाईंचा घण नेमका तिथं पडायचा. पुढं टिक, पुढं घण. हलकी टिक असली की घणही हलका. ते रिकाम्या ऐरणीवर दोनदा वाजवायचे, तेव्हा सासूबाई घण खाली ठेवायच्या, कारण त्याचा अर्थ थांब. हे मी ताटकळत उभी राहून कितीदा बघितलं होतं, आणि मला ते बोलणं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मी त्यांनी दाखवलं तिथं मारलं. सळई दबली. त्यांनी पुन्हा टिक केलं, जरा पुढं. मी मारलं. मग त्यांनी हातोडीच्या दांड्यानं माझी सांडशी ढकलली, म्हणजे सळई फिरव. मी फिरवली. टिक. मारलं. त्यांचा डावा हात कच्चा होता, टिक कधी जागा चुकायची, मग ते ओठ आवळून पुन्हा करायचे. सळई काळसर झाली, पण मी भरात होते, मारतच राहिले. तेव्हा त्यांनी ठोकळ्यावर हातोडी वाजवली. दोनदा.

मी थांबले. हातोडा खाली ठेवला. चार महिन्यांत ते मला पहिल्यांदा काहीतरी म्हणाले होते, आणि मी ते ऐकलं होतं.

त्यांनी आपली हातोडी मांडीवर ठेवली, माझं मनगट धरलं आणि तळहात उलटा करून बघितला. फुटलेल्या फोडांकडे ते कितीतरी वेळ बघत होते. खालचा ओठ डावीकडून थरथरत होता. उजवीकडून तो हलत नाही. मग हात सोडून त्यांनी पुन्हा ठोकळ्यावर वाजवलं, दोनदा, आता जरा जोरात.

"नाय," मी म्हटलं. "अजून एक ताव."

मी सळई भट्टीत सरकवली. ते आतल्या रंगाकडे बघत होते. मी दोन्ही हात पदराला पुसले. सळई नारिंगी झाली तशी मी ती काढून ठोकळ्यावर धरली आणि हातोडा न उचलता वाट पाहत उभी राहिले. गरम लोखंड फार वेळ थांबत नाही. रंग उतरायला लागला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सळईकडे बघितलं, हातोडी उचलली आणि सळईवर टेकवली. टिक.

मी मारलं. मला रडू आलं, पण लोखंड गार होत होतं, म्हणून रडता रडता मी ते दाखवतील तिथं मारत राहिले.